व्हिडिओ एडिटिंगमधील क्लिप्सची व्यवस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरमध्ये आम्ही एडिटिंगचे काम करतो. आपल्या भागात त्याला अजूनही सर्रास 'मिक्सिंग' म्हणतात. लग्नाचे शूटिंग करणारे, सप्ताहातील कीर्तने टिपणारे, यूट्यूब वाहिनी चालवणारे आणि लघुपटाच्या खटपटीत असलेले विद्यार्थी नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून आम्हांला प्रश्न पाठवत असतात. कट कुठे मारावा किंवा रंग कसा सुधारावा हे विचारणारे त्यांत थोडे असतात. क्लिप सापडत नाही, उघडत नाही किंवा भलतीच उघडते, ही तक्रार मात्र रोजची असते. ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः प्रीमिअर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची आहेत, पण मूळ व्यवहार एडियस, फायनल कट किंवा केडेनलाइव्हमध्येही फारसा वेगळा नाही. एका ठिकाणी सांगितलेले दुसरीकडे पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्लिप 'इम्पोर्ट' केली म्हणजे ती प्रोजेक्टच्या फाइलमध्ये जाऊन बसते का?

नाही. सातबाऱ्यावर गट क्रमांक, क्षेत्र आणि पिकाची नोंद असते, जमीन मात्र शिवारातच राहते. प्रोजेक्टची फाइल हा तसाच उतारा आहे. कोणती क्लिप कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने आहे आणि तिचा कोणत्या फ्रेमपासून कोणत्या फ्रेमपर्यंतचा भाग तुम्ही घेतला आहे, एवढीच नोंद तीत असते. म्हणून दोनशे जीबी फुटेजच्या लग्नाची प्रोजेक्ट फाइल काही एमबींची भरते, आणि म्हणूनच ती एकटी फाइल ईमेलने पाठवली की समोरच्याला चित्राऐवजी लाल पाट्या दिसतात. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप्स क्रमाने मांडून कापण्या-जोडण्याच्या पट्टीवर, क्लिपचे दहा तुकडे केले तरी डिस्कवरची मूळ फाइल अखंडच राहते, हा याच व्यवस्थेचा लाभ आहे.

रिझॉल्व्हमध्ये थोडा फरक आहे. तेथे प्रोजेक्ट स्वतंत्र फाइल म्हणून न राहता सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतो आणि हवा तेव्हा 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' करून बाहेर काढावा लागतो. पण त्या बाहेर काढलेल्या फाइलमध्येही पत्तेच असतात, क्लिप्स नसतात. पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

२. 'बिन' म्हणजे कचऱ्याची पेटी ना? मग त्यात चांगल्या क्लिप्स कशा ठेवायच्या?

हा शब्द फिल्मच्या काळातला आहे. कापलेल्या फिल्मच्या पट्ट्या आत कापड लावलेल्या एका पेटीवर टांगून ठेवत असत, त्या पेटीला बिन म्हणत. तेव्हा निःशंकपणे ठेवा. बिन हा सॉफ्टवेअरमधला कप्पा आहे. क्लिप एका बिनमधून दुसऱ्यात हलवली तरी डिस्कवरची फाइल जागची हलत नाही. उलट बाजूने मात्र सावध राहावे लागते : डिस्कवर फाइल हलवली, तर बिनमधला पत्ता चुकतो (प्रश्न ६).

३. कार्ड लावून क्लिप्स थेट टाइमलाइनवर ओढल्या तर काय बिघडते?

त्या वेळी काहीच बिघडत नाही, आणि घात तेथेच होतो. काम व्यवस्थित चालते, क्लिप्स दिसतात, कट होतात. संध्याकाळी कार्ड काढले की सगळी टाइमलाइन लाल होते, कारण नोंदवलेला पत्ता कार्डाचा असतो. त्यातच दुसऱ्या दिवशीच्या हळदीसाठी तेच कार्ड फॉरमॅट झालेले असेल, तर मामला प्रश्न १७ वर जातो.

कार्ड उतरवताना संपूर्ण कार्ड जसेच्या तसे, सर्व फोल्डरांसह कॉपी करावे. आतल्या तेवढ्या व्हिडिओ फाइल्स वेचून घेऊ नयेत. एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्यांत 'प्रायव्हेट', त्यात 'एव्हीसीएचडी', त्यात 'बीडीएमव्ही' आणि शेवटी 'स्ट्रीम' अशी उतरंड असते. शेवटच्या फोल्डरमधल्या एमटीएस फाइल्सच तेवढ्या उचलल्या, तर लांब शॉट कुठे तुटला आणि कुठे जोडायचा याची माहिती मागेच राहते. सोनीच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत 'एम४रूट' फोल्डर असते आणि त्यातल्या क्लिप्सच्या शेजारी छोट्या एक्सएमएल फाइल्स असतात. त्या निरुपयोगी वाटतात, पण चित्रीकरणाची माहिती त्यांत असते.

कॉपी झाल्यावर कार्डावरील आणि डिस्कवरील फाइल्सची संख्या व एकूण बाइट्स जुळवून पाहावेत. याहून पक्की खात्री हवी असेल तर रिझॉल्व्हच्या 'मीडिया' पानावर 'क्लोन टूल' आहे. ते कॉपी करताना चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा एक आकडा, काढून दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत का हे तपासते, आणि ते मोफत आवृत्तीतही मिळते. दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत होईपर्यंत कार्डाला हात लावू नये. त्यानंतर कार्ड फॉरमॅट करावे ते कॅमेऱ्यातच, संगणकावर नव्हे.

४. फोल्डरांची आणि फाइल्सची नावे कशी ठेवावीत?

नावे ठेवण्याची एकमेव योग्य वेळ म्हणजे कार्ड उतरवल्यानंतर आणि इम्पोर्ट करण्यापूर्वी. एकदा सॉफ्टवेअरने पत्ता लिहून घेतला की नाव बदलणे म्हणजे घर बदलून पोस्टमनला न कळवणे.

आमच्याकडे प्रत्येक कामाचे एक मुख्य फोल्डर असते. त्याचे नाव तारखेपासून सुरू होते आणि तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस येतो : '२०२५-०५-१८_अंबाजोगाई_लग्न'. असे लिहिल्याने फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. '१८-५-२५' असे लिहिले तर सगळ्या महिन्यांच्या अठरा तारखा एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. मुख्य फोल्डरात पाच उपफोल्डर असतात : फुटेज, आवाज, संगीत व फोटो, प्रोजेक्ट आणि तयार व्हिडिओ. फुटेजच्या आत प्रसंगाऐवजी कॅमेरा आणि कार्ड यांनुसार विभागणी असते : 'क१_कार्ड१', 'क१_कार्ड२', 'क२_कार्ड१', 'ड्रोन', 'फोन'. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टके, पाठवणी अशी प्रसंगवार विभागणी डिस्कवर करण्याचा मोह होतो, परंतु एकाच कार्डावर अर्धी हळद आणि अर्धी वरात असते, आणि ती वेगळी करण्याच्या नादात एखादी क्लिप दोन्हीकडून निसटते. प्रसंगवार मांडणी बिनमध्ये करावी. तेथे चूक झाली तरी फाइल सुखरूप असते.

ही नावे येथे देवनागरीत छापली असली तरी प्रत्यक्षात ती रोमन लिपीत आणि मोकळी जागा न सोडता लिहावीत. आजचे संगणक देवनागरी नावे व्यवस्थित दाखवतात, पण एखादे जुने प्लगइन किंवा दुसऱ्या यंत्रणेवर गेलेली डिस्क त्यांवर अडखळू शकते. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की अनेक प्रोग्रॅम तो वाचत नाहीत, म्हणून वधूवरांची पूर्ण नावे, गाव, तालुका आणि 'शुभविवाह सोहळा' हे सारे एका फोल्डरच्या नावात कोंबू नये.

५. एका लग्नाच्या फुटेजला किती जागा धरावी?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) नोंदले जातात ते, पाहा आणि मेगाबाइट काढण्यासाठी त्याला आठने भागा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ५० एमबीपीएसला याच्या निम्मे, म्हणजे साडेबावीस जीबी. दोन कॅमेरे प्रत्येकी सहा तास ५० एमबीपीएसवर चालले तर २७० जीबी होतात, आणि दुसरी प्रत धरून ५४०. ६४ जीबीचे कार्ड १०० एमबीपीएसला सव्वा तासाहून थोडे अधिक पुरते. मंगलाष्टकांच्या आधी ते बदलून घ्यावे. एक टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखवते, यात दुकानदाराची फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

६. प्रोजेक्ट उघडला की 'मीडिया ऑफलाइन' अशी लाल पाटी येते. माझे फुटेज गेले का?

बहुतेक वेळा फुटेज जिथल्या तिथे असते; सॉफ्टवेअरला ते सापडत नाही, एवढेच. घाबरून क्लिप्स पुन्हा इम्पोर्ट करून टाइमलाइन नव्याने रचायला बसू नये. लाल झालेल्या प्रत्येक तुकड्यात तुमचे सगळे कट जपलेले असतात.

पहिली तपासणी बाह्य डिस्कची. ती जोडली आहे का आणि विंडोजमध्ये तिला कोणते अक्षर मिळाले आहे, हे पाहा. काल 'ई' असलेली डिस्क आज पेनड्राइव्ह आधी लावल्यामुळे 'एफ' झालेली असते, आणि हजार क्लिप्सचे पत्ते एका अक्षराने चुकतात. यावर कायमचा उपाय आहे : 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्या डिस्कला 'एम' किंवा 'आर' असे दूरचे अक्षर नेमून द्या, त्या संगणकावर मग ते सहसा बदलत नाही.

दुसरी शक्यता म्हणजे मधल्या काळात कोणीतरी फोल्डर हलवले किंवा त्याचे नाव 'नीट' केले. जुने नाव आठवत असेल तर तेच परत द्या आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडा. हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. आठवत नसेल तर प्रीमिअरमध्ये ऑफलाइन क्लिप्स निवडून 'लिंक मीडिया' आणि मग 'लोकेट' करा. एक फाइल दाखवली की तिच्या आसपासच्या बाकीच्या फाइल्स सॉफ्टवेअर स्वतः जोडत जाते. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधील (इम्पोर्ट केलेल्या क्लिप्सच्या यादीतील) क्लिप्स निवडून 'रिलिंक सिलेक्टेड क्लिप्स' निवडावे. जोडणीनंतर सगळी टाइमलाइन एकदा नजरेखालून घालावी आणि मगच सेव्ह करावे. ते का, हे पुढच्या उत्तरात आहे.

७. रिलिंक झाले, लाल पाट्या गेल्या, पण शॉट भलतेच दिसत आहेत. असे का?

ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अंबाजोगाईच्या एका लग्नात एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे होते. दोघांची कार्डे ताजी फॉरमॅट केलेली, त्यामुळे दोघांचीही पहिली क्लिप सी०००१ आणि पुढचे क्रमांक तसेच. फोल्डर वेगवेगळे होते, पण जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर गेल्यानंतर आम्ही रिलिंक करताना वरचे 'फुटेज' फोल्डर दाखवले. सॉफ्टवेअरला सी००१४ हवी होती. शोधताना पहिली जी सी००१४ सापडली ती त्याने जोडली. वधूची आई डोळे पुसत अक्षता टाकते तो शॉट होता. त्या जागी आचारी वरणाच्या पातेल्यावरचे झाकण उचलताना दिसू लागला, आणि मंगलाष्टकांचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरचा असल्यामुळे तो मागे तसाच चालू राहिला. लाल पाटी निदान चूक झाल्याचे सांगते. चुकीची जोडणी तेवढेही सांगत नाही.

असे झाले तर सेव्ह न करता प्रोजेक्ट बंद करा, पुन्हा उघडा आणि एकेका कार्डाचे फोल्डर दाखवत जोडणी करा. प्रीमिअरच्या 'लिंक मीडिया'च्या खिडकीत केवळ फाइलचे नाव नव्हे, तर 'मीडिया स्टार्ट' म्हणजे सुरुवातीचा टाइमकोडही (फ्रेमवर नोंदलेली वेळ) जुळला पाहिजे, अशी खूण करता येते, तीही करावी. चूक सेव्ह झाली असेल तर ऑटो-सेव्हच्या फोल्डरातील आधीची प्रत उघडा.

मुळात ही वेळच येऊ नये यासाठी अनेक कॅमेऱ्यांत फॉरमॅटनंतरही क्रमांक पुढे चालू ठेवण्याची सोय असते, ती सुरू करावी. तशी सोय नसेल तर दुसऱ्या प्रतीतील पूर्ण कार्ड अस्पर्श ठेवून, कामाच्या प्रतीतील सुट्या एमपी४ फाइल्सच्या नावांआधी कॅमेऱ्याचे चिन्ह जोडावे : 'क२_सी००१४'. मूळ क्रमांक पुसू नये, नाहीतर पुढे मागच्या प्रतीशी पडताळा घेता येत नाही. एव्हीसीएचडीच्या फाइल्सना मात्र ही युक्ती लावू नये. त्यांची नावे बदलली की प्रश्न ३ मध्ये सांगितलेली उतरंड मोडते.

८. प्रोजेक्टमधून क्लिप काढली तर डिस्कवरूनही जाते का?

प्रीमिअर आणि रिझॉल्व्हमध्ये नोंद जाते, फाइल राहते. त्यामुळे जागा मोकळी होण्याची अपेक्षा धरू नये. ती क्लिप टाइमलाइनवर वापरलेली असेल तर प्रीमिअर इशारा देते, आणि तुम्ही 'हो' म्हटले की टाइमलाइनवरचे तिचे तुकडेही जातात. फायनल कटमध्ये सावध राहावे लागते. तेथे इम्पोर्ट करताना 'लायब्ररीत कॉपी करा' हा पर्याय निवडलेला असेल, तर क्लिप खरोखरच लायब्ररीच्या आत असते आणि तेथून टाकून दिल्यास ती प्रत हातची जाते.

९. ४के क्लिप्स अडखळत चालतात. नवा संगणक घ्यावाच लागेल का?

घेण्याआधी प्रॉक्सी करून पाहा. एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम आणि तिच्यापुढे फक्त काय बदलले याच्या नोंदी, अशी रचना असते. त्यामुळे मधली एक फ्रेम दाखवायची तर संगणकाला आजूबाजूच्या कित्येक फ्रेम्स उलगडाव्या लागतात, आणि ४के असेल तर तो दमतो. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची कमी आकाराची, उलगडायला सोपी अशी नक्कल. एडिटिंग नकलेवर होते आणि अंतिम व्हिडिओ मूळ फाइलवरून निघतो.

प्रीमिअरमध्ये क्लिप्स निवडून 'क्रिएट प्रॉक्सीज' करता येते; मॉनिटरखाली प्रॉक्सी चालू-बंद करण्याचे बटण जोडून घ्यावे, म्हणजे आपण काय पाहत आहोत याचा घोळ होत नाही. रिझॉल्व्हमध्ये 'जनरेट प्रॉक्सी मीडिया' आहे. अंतिम व्हिडिओ काढताना तेथे प्रॉक्सी वापरण्याच्या पर्यायावर खूण नाही ना, हे बघावे; ती राहिली तर पाटीवर ४के असलेला व्हिडिओ धूसर निघतो. दुसऱ्याने केलेली प्रॉक्सी प्रीमिअरमध्ये जोडली जात नसेल, तर आवाजाचे चॅनेल मोजा. मूळ क्लिपमध्ये चार आणि नकलेत दोन असतील तर ती स्वीकारली जात नाही.

प्रॉक्सींसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवावे. त्या फुटेजमध्ये मिसळल्या तर एकाच नावाच्या दोन फाइल्स होऊन प्रश्न ७ मधला आचारी पुन्हा हजर होतो.

१०. सी ड्राइव्ह 'मीडिया कॅशे'ने भरून गेला. ते काढून टाकले तर चालेल का?

चालेल. सीएफए, पीईके अशा नावांच्या त्या फाइल्स आवाजाच्या लहरी वगैरे पटकन दाखवण्यासाठी सॉफ्टवेअर स्वतः तयार करते. काढल्या तर ते पुन्हा तयार करील, पहिल्यांदा उघडायला वेळ लागेल एवढेच. मात्र त्या प्रीमिअरच्या 'प्रेफरन्सेस'मधून काढाव्यात, फोल्डर शोधून हाताने नव्हे.

११. फोनवरच्या क्लिपचा आवाज सुरुवातीला जुळतो आणि शेवटी मागेपुढे होतो. दोष कशाचा?

फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटने टिपतो. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की सेकंदाला तीस ऐवजी अठ्ठावीस किंवा चोवीस फ्रेम्स घेतो, आणि एडिटिंगचे सॉफ्टवेअर ठरावीक वेगाची अपेक्षा धरून बसलेले असते. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून क्लिप आधी बदलून घ्यावी आणि मग इम्पोर्ट करावी. नावातही तसे चिन्ह द्यावे, म्हणजे पुढे मूळ फाइल चुकून जोडली जाणार नाही.

पाहुण्यांकडून व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ मागवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ आकुंचन पावून येतो आणि मोठ्या पडद्यावर चेहरे पुसट दिसतात.

१२. एका कॅमेऱ्यात २५ आणि दुसऱ्यात ३० फ्रेम्स आहेत. एकत्र केल्यास चालते का?

चालते, पण हालचालीत बारीक हिसका जाणवतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ किंवा ५० फ्रेम्स आणि १/५० शटर हे मंडपातल्या दिव्यांना मानवते. ३० फ्रेम्स व १/६० शटर ठेवले की ट्यूबलाइट लुकलुकताना दिसू शकते. शूटिंगपूर्वीच सगळे कॅमेरे २५ वर आणावेत. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेट पहिली क्लिप मीडिया पूलमध्ये टाकण्याआधी ठरवावा. त्यानंतर ती खूण गोठते. ५० फ्रेम्सची क्लिप संथ गतीसाठी वापरायची असेल तर प्रीमिअरमध्ये 'इंटरप्रिट फुटेज'मधून तिला २५ सांगावे, म्हणजे ती निम्म्या वेगाने आणि नितळ चालते.

१३. दोन तासांचे कीर्तन सलग टिपले, पण कार्डावर चार-पाच तुकडे का दिसतात?

एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट झालेल्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा तिथे नवी फाइल उघडतो. ३२ जीबीपर्यंतची कार्डे सहसा अशी असतात. त्याहून मोठ्या कार्डांवर एक्सफॅट असते, पण काही कॅमेरे तेथेही तुकडे करतात. गोप्रोची नावे फसवी आहेत : जीएक्स०१००२३ या फाइलचा पुढचा तुकडा जीएक्स०१००२४ नसून जीएक्स०२००२३ असतो. मधले दोन आकडे तुकड्याचे आणि शेवटचे चार आकडे शॉटचे. नावाच्या क्रमाने टाइमलाइनवर टाकले तर अभंगाचे पहिले चरण एकीकडे आणि दुसरे भलतीकडे जाते.

तुकडे टाइमलाइनवर एकमेकांना चिकटवल्यावर सांध्यावर आवाज क्षणभर तुटत असेल, तर क्लिप्स कार्डाच्या पूर्ण उतरंडीतून, सॉफ्टवेअरच्या 'मीडिया ब्राउझर'मधून आणाव्यात. तेथे एव्हीसीएचडीचे तुकडे एकच क्लिप म्हणून दिसतात.

१४. सात दिवसांच्या सप्ताहाचे फुटेज आहे. हवा तो शॉट शोधायचा कसा?

अखंड हरिनाम सप्ताहात दररोज काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन असे तेच कार्यक्रम तशाच मंडपात होतात, त्यामुळे चित्र पाहून दिवस ओळखता येत नाही. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी कॅमेऱ्यासमोर पाटी धरावी, नाहीतर निदान मोठ्याने 'चौथा दिवस, हरिपाठ' असे म्हणून टाळी वाजवावी. ही टाळी दोन कामे करते. ती शॉटची ओळख सांगते, शिवाय ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून वेगळा घेतलेला आवाज जुळवायला तीच खूण उपयोगी पडते. आवाजाच्या लहरींवरून आपोआप जुळवणी प्रीमिअर आणि रिझॉल्व्ह दोघांतही होते, परंतु पखवाज-टाळांच्या सारख्या लयीत ती कधी कधी एक ठेका पुढे जाऊन बसते. अशा वेळी टाळीचा उंच सुळका शोधून हाताने जुळवणेच बरे.

सॉफ्टवेअरमध्ये दिवसवार बिन करावेत. कीर्तनाच्या लांब क्लिपला तुकडे न पाडता मार्कर (हव्या त्या जागी लावायच्या खुणा) लावावेत आणि मार्करमध्ये 'दृष्टांत सुरू', 'महिला फुगडी', 'काल्याची हंडी' असे दोन-तीन शब्द लिहावेत; वारंवार लागणाऱ्या भागाची सबक्लिप, म्हणजे त्या भागापुरती वेगळ्या नावाची क्लिप, करावी. सबक्लिप हीदेखील नोंदच आहे, तिने डिस्कवर नवी फाइल होत नाही. रंगांचे लेबल तीनपेक्षा अधिक वापरू नयेत असे आमचे मत आहे : घ्यायचे, कदाचित, आवाजापुरते. सात रंग ठरवणारे लोक तिसऱ्या दिवशी स्वतःच रंगांचा अर्थ विचारायला येतात.

१५. प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर न्यायचा आहे. काय काय द्यावे लागते?

प्रश्न ४ प्रमाणे सगळे एका मुख्य फोल्डरात असेल तर तेच उचलून द्यावे. तसे नसेल तर प्रीमिअरच्या 'प्रोजेक्ट मॅनेजर'मधून 'कलेक्ट फाइल्स' करावे. विखुरलेल्या क्लिप्स, डेस्कटॉपवर राहिलेले गाणे, डाउनलोडमधला लग्नपत्रिकेचा फोटो हे सगळे एकत्र येते. रिझॉल्व्हमध्ये फक्त नोंद न्यायची असेल तर 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' आणि क्लिप्ससह न्यायचे असेल तर 'प्रोजेक्ट आर्काइव्ह' आहे. वापरलेले मराठी फाँट सोबत द्यायला विसरू नये, नाहीतर नावांच्या पाट्या वेड्यावाकड्या होतात.

दोन अडचणी हमखास येतात. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून आधी एकमेकांना आवृत्ती विचारावी. आणि समोरच्याकडे मॅक असेल तर एनटीएफएस डिस्क त्याला फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. देवाणघेवाणीची डिस्क एक्सफॅट करावी आणि ती 'इजेक्ट' केल्याशिवाय उपसू नये.

१६. शूटिंग चालू असताना वीज गेली, अडॅप्टरवरचा कॅमेरा बंद पडला आणि ती क्लिप उघडत नाही. काही करता येते का?

एमपी४ फाइलची अनुक्रमणिका कॅमेरा शेवटी, 'स्टॉप' दाबल्यावर लिहितो. वीज मध्येच गेली की चित्र व आवाज कार्डावर असतात, पण कोणती फ्रेम कुठे आहे हे सांगणारे पान कोरे राहते. पहिली गोष्ट म्हणजे ते कार्ड त्याच कॅमेऱ्यात पुन्हा घालून कॅमेरा सुरू करा. काही कॅमेरे अपूर्ण फाइल दुरुस्त करायची का, असे स्वतः विचारतात. नसेल विचारत, तर फाइल कॉपी करून घ्या आणि 'अनट्रंक' हा मोफत प्रोग्रॅम वापरून पाहा. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धडधाकट क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते. गावाकडे भारनियमन कधीही होते हे लक्षात घेऊन अडॅप्टरसोबत कॅमेऱ्यात भरलेली बॅटरीही ठेवता येत असेल, तर ती ठेवावीच.

१७. न उतरवलेले कार्ड फॉरमॅट झाले. आता?

त्या क्षणी कार्ड बाहेर काढा आणि त्यावर एकही नवा शॉट घेऊ नका. साध्या फॉरमॅटमध्ये यादी पुसली जाते, बहुतेक मजकूर जागेवरच असतो. त्यावर नवे लिहिले गेले की तो कायमचा जातो. फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने शोध घ्या आणि सापडलेल्या फाइल्स त्याच कार्डावर न उतरवता दुसऱ्या डिस्कवर घ्या. फोटो सहसा परत येतात. लांब व्हिडिओ कार्डावर विखुरलेले असतील तर अर्धवट येऊ शकतात, शिवाय मूळ नावे आणि तारखा हाती लागत नाहीत. मोठ्या समारंभाचे कार्ड असेल तर स्वतः प्रयोग करत बसण्यापेक्षा डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे ते तसेच न्यावे.

१८. पार्टी (काम देणारे ग्राहक) 'रॉ डेटा', म्हणजे न कापलेले मूळ फुटेज, मागते. द्यावा का, आणि आपल्याकडे किती दिवस ठेवावा?

द्यायचा की नाही हे काम घेतानाच ठरवून पावतीवर लिहावे. नंतर वाद होतो. द्यायचा ठरला तर त्यांची डिस्क मागवून घ्यावी आणि आमच्या मते फक्त 'फुटेज' व 'आवाज' ही दोन फोल्डर द्यावीत. प्रॉक्सी त्यांच्या उपयोगाच्या नसतात, आणि एरवी त्यांतला व्हिडिओ टीव्हीवर लावून 'शूटिंग खराब आले' म्हणून फोन येतो.

ठेवण्याची मुदतही पावतीवर असावी. आम्ही अंतिम व्हिडिओ पोहोचल्यापासून तीन महिने दोन्ही प्रती ठेवतो, त्यानंतर एक. जागा लागलीच तर आधी प्रॉक्सी आणि कॅशे काढावेत, मग दुसरी प्रत. प्रोजेक्टची फाइल मात्र कधीच काढू नये, ती काही एमबींचीच असते. कामासाठी एसएसडी आणि साठवणीसाठी साधी हार्ड डिस्क, अशी विभागणी बरी, कारण एसएसडी महिनोन्‌महिने वीज न देता कपाटात पडून राहणे चांगले नाही. साठवणीची डिस्कही सहा महिन्यांतून एकदा लावून उघडून पाहावी. मे महिन्यात परभणी-लातूरकडे पारा ४० च्या वर असताना लग्नावरून परतताना डिस्क गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, आणि मूळ व दुसरी प्रत एकाच पिशवीत तर मुळीच नको. आमच्याकडे एक डिस्क दुकानात आणि दुसरी घरी, धान्याच्या कोठीशेजारच्या लोखंडी कपाटात असते.